आमच्या तलावावर नको, त्यांच्या घरामागंही नको

माय, मी आता तुझ्यापेक्षा म्हातारा झालो. तू गेलीस तेव्हा तुझे केस अर्धेच पिकले होते. माझे सगळे पांढरे होऊनही आता बरीच वर्षं झाली. तुला वाचता येत नव्हतं. घरात आलेला कुठलाही कागद मीच तुला वाचून दाखवायचो, आणि मी जे वाचलं तेच त्यात लिहिलेलं असणार यावर तुझा पूर्ण भरवसा असायचा. आज मला अशाच एका कागदाबद्दल तुला सांगायचं आहे. तू त्याच्यावर अंगठा दिला होतास. पण आधी बाकीचं सगळं जसं घडलं तसं सांगतो. त्यातलं बरंचसं तुला माहीत आहे, तरी सांगतो. एकदम शेवटचं सांगायला गेलो तर हात पुढे सरकणार नाही.

आपलं घर तलावाच्या बांधाखाली, पाळीच्या पायथ्याशी, ढिवरांच्या सहा-सात घरांतलं शेवटचं. तलाव मालगुजाराचा होता तेव्हाही तो आपल्याला आपलाच वाटायचा, आणि मालगुजारी जाऊन तो सरकारजमा झाला तेव्हाही. बाबा गेल्यावर तलावात चालवायचा डोंगा तू हातात घेतलास. बाईमाणूस डोंग्यात बसून शिंगाडे तोडते म्हणून लोक आधी हसले, मग सवयीनं गप्प झाले. आश्विन-कार्तिकात आपल्या स्वयंपाकघरात दुसरं काही शिजतच नसे. चुलीवर मोठी हंडी, तिच्यात उकळणारे शिंगाडे, पाणी हळूहळू शाईसारखं काळं होत जायचं, आणि त्याबरोबर तुझी बोटंही. काट्यांनी टोचलेली ती काळी बोटं मला अजून दिसतात. तू चुलीपुढे बसली आहेस, एक शिंगाडा दातांनी फोडतेस, आतला पांढरा गर माझ्या हातावर ठेवतेस आणि म्हणतेस, "गोड हाय का पाह्य." मी जीभ भाजत खातो. उरलेले तू वाळवायचीस, कुटायचीस, आणि ते पीठ डोक्यावर घेऊन शिवरातीला मार्कंड्याच्या जत्रेत जायचीस. तालुक्याच्या गावातली मोठी मोठी घरं उपासाला तुझ्याच पिठाची लापशी खायची.

बाबा पटकीच्या साथीत, हैज्यात गेले. त्या साली तलाव आटला होता आणि माणसं नाल्यातल्या डबक्याचं पाणी पीत होती. ते पाणी दिसायला स्वच्छ होतं, हे तू पुढे कितीदा तरी सांगितलंस. "चांगल्या दिसनाऱ्या पान्यानंच तुया बापाले नेलं," असं म्हणून तू कुठल्याही परक्या गावात पाणी पिण्याआधी ते कुठून आणलं हे विचारायचीस. लोकांना त्याचा राग यायचा. मलाही लाज वाटायची.

मी सातवी पास झालो आणि तालुक्याच्या गावच्या म्युनिसिपल कमेटीत कारकून लागलो, तेही हंगामी. तू मूलच्या बाजारातून माझ्यासाठी चामड्याच्या चपला आणल्यास. "हापिसात अनवानी जाऊ नोको," म्हणालीस. त्या एका बोटानं लहान होत्या. दोन कोस जायचं आणि दोन कोस यायचं, आणि मी रोज टाच बाहेर ठेवून चालायचो. तुला कधी सांगितलं नाही, कारण तू दर आठ दिवसांनी त्यांना तेल लावून ठेवायचीस.

त्या वर्षी पावसाळा सरत आला असताना हेडक्लार्कनं माझ्यापुढे एक फाईल टाकली. गाव वाढत होतं. राइस मिल झाल्या होत्या, बाजार दुप्पट भरत होता, आणि सगळ्या गावाचा केर, घराघरांतला मैला, मेलेली जनावरं, हे सगळं कमेटीच्या गाड्या गावाच्या एका टोकाला नाल्याकाठी नेऊन टाकत. त्याच नाल्याकाठी कमेटीनं आपल्या झाडूवाल्यांसाठी खोल्यांची एक लाइन बांधलेली होती. ते तिथेच राहत, त्यांची लेकरं तिथेच खेळत. आता बाजारवाल्यांनी तक्रार केली होती की वारा फिरला की दुकानात बसवत नाही. म्हणून कमेटीनं ठरवलं की हे सगळं बाहेर न्यायचं, लांब लांब चर खणून त्यात पुरायचं, आणि त्याचं खत करायचं. जागा निवडली होती ती आपल्या तलावाच्या वरच्या अंगाची पडीत.

"तू तिकडचाच ना?" हेडक्लार्क म्हणाला. "मग मोक्यावर जाऊन जागा बघायची काही गरज नाही. रकाने भरून टाक."

छापील कागद होता. जवळ पाण्याचा साठा आहे काय? मी लिहिलं, आहे, पुरेशा अंतरावर. लगतच्या गावाची हरकत आहे काय? हेडक्लार्क माझ्या खांद्यामागे उभा होता. पावसाळ्यात त्या पडितावरचं सगळं पाणी दोन ओहोळांनी थेट आपल्या तलावात उतरतं, हे माझ्याइतकं त्या इमारतीत कोणालाच ठाऊक नव्हतं. मी लिहिलं, नाही. माझं अक्षर चांगलं होतं. तो 'नाही' फार सुबक आला होता.

आठवड्याभरात पडितावर खुंट्या ठोकल्या गेल्या. बायकांनी काटक्या आणायला जाताना त्या पाहिल्या. संध्याकाळी तू भाकरी थापताथापता विचारलंस, "तुया हापिसात काई आलं का त्या खुंट्यायचं?" मी म्हणालो, "मले नाई माहीत." तू भाकरी उलटलीस.

दसऱ्याच्या आसपास पहिल्या दोन गाड्या आल्या. चर पुरते खणूनही झाले नव्हते, पण बाजारवाल्यांना धीर नव्हता. त्या दिवशी कमेटीला सुटी होती म्हणून मी गावात होतो. गाड्या पाळीच्या वाटेला लागल्या आणि पंधरा-वीस जण काठ्या घेऊन आडवे झाले. पुढच्या गाडीवर एक म्हातारा बसला होता, डोक्याला मळकं फडकं गुंडाळलेला. शिव्या सुरू झाल्या. त्या मी इथे लिहीत नाही. गाडीतल्या घाणीला कोणी शिव्या देत नव्हतं. त्या माणसाला देत होते, त्याच्या जन्माला देत होते. कोणीतरी ढेकूळ भिरकावलं, ते त्याच्या कानामागे बसलं. म्हातारा गाडीच्या हल्ल्याला, रेड्याला, आवरत खाली उतरला आणि हात जोडून उभा राहिला. रक्त मानेवरून खाली येत होतं आणि ते पुसायलासुद्धा तो जोडलेले हात सोडत नव्हता. मी त्या घोळक्यातच उभा होतो. माझ्या हातात काठी नव्हती, एवढंच.

तू पाण्यातून तशीच आलीस, लुगडं गुडघ्यापर्यंत ओलं, हातात विळा.

"कोनाले मारून राह्यले तुमी?" तू म्हणालीस. "यानं का सोताच्या मर्जीनं आनलं हे? ज्यानं पाठवलं त्याच्या आंगनात जा ना काठ्या घेऊन."

"तू बाजूले हो, बाई," गावचा पाटील म्हणाला. "हे तलावात उतरलं तं तुयाच शिंगाड्याले कोनी हात नाई लावनार."

"तेच तं सांगून राह्यली. याचं डोस्कं फोडून थांबते का ते?" आणि मग तू म्हाताऱ्याकडे वळलीस. "भाऊ, आधी कुठी टाकत होते तुमी हे?"

त्याला भाऊ म्हटलेलं ऐकून म्हातारा गोंधळला. मग म्हणाला, "आमच्याच घरामागं, बाई. लाइनीच्या मांगं. आमची हीर तिथून दहा पावलांवर हाय. पानी पिवळं येते. लेकरायचे पोट सदा बिघडलेले. बाजाराले वास आला म्हनून हालवून राह्यले, आमच्यासाठी नाई."

"हालवाची दुसरी जागा नाई का कुठी?"

"हाय ना. मुरमाची जुनी खदान हाय मिलीच्या मांगं. ना तिथी हीर, ना तलाव. पन मिल अध्यक्षसाहेबाची हाय. तिकडं कोन नेऊ देईन?"

तू घरातून तांब्या आणवलास आणि त्याच्या मानेवर पाणी ओतलंस. मग त्याच्या ओंजळीत ओतलंस. पाळीवर उभ्या असलेल्या बायकांनी एकमेकींकडे पाहिलं, त्यात आपल्या ढिवरांच्याही होत्या. गाड्या परत गेल्या.

तिसऱ्या दिवशी तू कमेटीच्या हापिसात आलीस. मागे आठ-दहा बायका, तुझ्या डोक्यावर शिंगाड्यांची टोपली. त्या दिवशी अध्यक्ष हापिसात होते. चपराशी अडवायच्या आत तू टोपली त्यांच्या टेबलावर, कागदांवरच ठेवलीस. ओल्या शिंगाड्यांचं पाणी फाईलवर पसरायला लागलं.

"साहेब, शिवरातीच्या उपासाले तुमच्या घरी शिंगाडा कुठला येते?"

अध्यक्ष हसले. "तुमच्याच तलावातला असेल, बाई."

"मंग तुमी जे तिकडं पुरून राह्यले ते तुमच्याच ताटात येईन. आमी तं खाऊच. पन तुमी उपासाच्या दिवशी खासान."

अध्यक्षांनी हेडक्लार्ककडे पाहिलं. तो म्हणाला, "कागदावर गावाची हरकत नाही असं आलेलं आहे."

"आमाले कोनी इचारलं? वाचून दाखवा."

हेडक्लार्कनं फाईल माझ्याकडे सरकवली. मी उभा राहिलो आणि वाचलं. माझाच आवाज, माझंच अक्षर. तू विचारलंस, "हे कोनं लिवलं?" मला वाटलं, कोणी बोलणार नाही. पण हेडक्लार्क सहज म्हणाला, "तुमच्याच पोरानं."

तू माझ्याकडे पाहिलं नाहीस. डोक्यावरचा पदर नीट केलास आणि अध्यक्षांनाच म्हणालीस, "मंग आता दुसरं लिवा. गावाची हरकत हाय." त्यांनी सांगितलं, तसा रीतसर अर्ज करा, नायब तहसीलदार मोक्यावर येऊन पाहतील, मग ठरेल. तू टोपली उचललीस. जाताना टेबलावर पडलेले दोन शिंगाडेसुद्धा उचलून घेतलेस.

त्या संध्याकाळी आपण घरी बरोबर चालत गेलो. बायका पुढे निघून गेल्या होत्या. आपण निम्म्या वाटेवर आलो. धानाला लोंब्या आल्या होत्या, दोन्ही बाजूंना तो दुधाळ वास. मग तू थांबलीस. "लिवलं ते मले समजलं," म्हणालीस. "नवकरी नवी, साहेब मांगं उभा. भेव वाटलं असन. भेव मले बी वाटते. पन मी तुले घरी इचारलं होतं, बाबू. चुलीपाशी कोनता साहेब उभा होता?" एवढंच. त्यानंतर त्या गोष्टीचा शब्द तू कधी काढला नाहीस. मला तू मारलं असतंस तरी चाललं असतं.

अर्ज मीच लिहितो म्हणालो. हेडक्लार्क अक्षर ओळखेल, नोकरी जाईल, हे कळत होतं, तरी म्हणालो, आणि ते म्हणताना मला स्वतःचा थोडा अभिमानही वाटला. चावडीवर सगळे जमले. पलीकडच्या टोल्यावरचे, वाडीवरचे गोंडही आले, कारण त्यांची गुरं आपल्याच तलावावर यायची. मी कच्चा अर्ज लिहीत होतो आणि तू सांगत होतीस. पाणी कुठून कसं उतरतं, किती घरं ते पितात, किती शेतं त्याच्यावर भिजतात. सगळं झालं तेव्हा तू म्हणालीस, "आता हे बी लिव. आमच्या तलावावर नोको, आन झाडूवाल्यायच्या घरामागंबी नोको. खदानीत न्या. तिथी कोनाचं पानी नाई."

पाटलाला ते रुचलं नाही. "त्यायचं ते पाहतीन. आपल्या अर्जात त्यायचं काऊन?"

"त्यायचा अर्ज कोन लिवनार? त्यायच्यात शिकलेला कोन हाय?" तू म्हणालीस. "आन इथून नाई म्हनून परत तिथीच टाकलं तं आपन का केलं? त्या गाडीवाल्या म्हाताऱ्याच्या घरात लोटलं ना ते."

टोल्यावरच्या एका वयस्क गोंडानं मान डोलावली. मी ते वाक्य लिहून घेतलं. तू म्हणालीस, "वाच." मी वाचून दाखवलं. तू समाधानानं पाय पसरून बसलीस.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी अर्जाची साफ प्रत काढली. माय, त्या प्रतीत ते वाक्य नव्हतं. मी ते गाळलं. अंगठे द्यायला सगळे आले तेव्हा तू म्हणालीस, एकदा परत वाच. मी कागद हातात धरला आणि वाचला, आणि जे वाक्य कागदावर नव्हतं तेही त्याच्या जागी, त्याच आवाजात वाचलं. तू सगळ्यांच्या आधी अंगठा पुढे केलास. तुझा अंगठा शिंगाड्यानं आधीच काळा होता, शाईच्या डबीत बुडवायच्या आधी तू हसून म्हणालीस, "याले कायले शाई पायजे?"

नायब तहसीलदार कार्तिकात आले. तरुण होते, वऱ्हाडाकडचे असावेत. आदल्या दिवशी अवकाळी सर पडून गेली होती आणि ओहोळ वाहत होते. तू सुपात धानाचा कोंडा घेऊन आम्हाला वरपर्यंत नेलंस, खुंट्यांपाशी. "साहेब, तुमी खाली पाळीवर जाऊन उभे राहा," म्हणालीस. आम्ही खाली आलो. तू वरून कोंडा ओहोळात सोडलास. थोडा वेळ गेला. मग पाण्यावरून तो पिवळा पट्टा येताना दिसला, वळणावळणानं, आणि तलावाच्या कडेला, शिंगाड्याच्या पहिल्या वेलांत येऊन पसरला. साहेबांनी वहीत काहीतरी लिहिलं. त्यांना फार सांगावं लागलं नाही.

तू धापा टाकत खाली आलीस आणि म्हणालीस, "साहेब, आन त्या लाइनीचं बी पाहा. खदानीचं."

"कसली खदान? अर्जात आहे का ते?"

"हाय ना. माह्या पोरानं लिवलं हाय."

साहेबांनी अर्ज काढला. वरपासून खालपर्यंत वाचला, पान उलटून अंगठे पाहिले, परत उलटून वाचला. मग माझ्याकडे पाहिलं. मी तलावाकडे पाहू लागलो. त्यांना अर्ज तिथेच तुला वाचून दाखवता आला असता. त्यांनी तो घडी करून खिशात ठेवला आणि तुला म्हणाले, "अर्जात जे असेल ते पाहू, बाई." तू त्यांना हात जोडलेस.

हुकूम आला तो आपल्या बाजूनं. पडितावरची जागा नामंजूर, खुंट्या काढाव्यात. गावात गूळ वाटला. पाटलानं चारचौघांत तुझं नाव घेतलं. मला कमेटीनं काढलं नाही, नुसतं जकात नाक्यावर बसवलं, आणि वर्षभरानं परत आत घेतलं. गाड्या जुन्याच जागी, लाइनीच्या मागे जायला लागल्या. बाजारवाल्यांची तक्रार मिटावी म्हणून कमेटीनं तिथे बाजाराच्या बाजूला एक उंच भिंत बांधली. लाइनीच्या बाजूला बांधली नाही.

तुला ते कळलं तेव्हा तू बाजारातून थेट लाइनीत गेलीस. मी तुझ्याबरोबर होतो. म्हातारा खाटेवर बसला होता. तू म्हणालीस, "भाऊ, आमी तुमचं बी लिवलं होतं. साहेबानं आयकलं नाई." तो उठून उभा राहिला. तुला नाही, माय, मला त्यानं हात जोडले. "बाबू, आमचं कोनी कवाच लिवलं नाई आजलोक. तुमी लिवलं," म्हणाला. त्यानंतर तो जिवंत होता तोवर, रस्त्यात कुठेही दिसला की गाडी थांबवून मला रामराम करायचा. मी वाट बदलून जायला शिकलो.

पुढच्या पावसाळ्यात लाइनीत हैजा आला. त्या विहिरीतूनच आला हे सरकारी डॉक्टरही म्हणाला. म्हाताऱ्याची सून गेली, आणि तिच्यामागून शेजारच्या खोलीतली दोन लेकरं. तू चार दिवस तिथे जाऊन पाणी उकळून देत बसलीस. घरी आलीस तेव्हा अंगणातच अंघोळ केलीस, आणि ओल्या केसांनी ओट्यावर बसून म्हणालीस, "इतकं शिकतेत, मोठे हापिसर होतेत, आन लिवलेलं बी वाचत नाईत." त्या साहेबांबद्दल म्हणत होतीस. पुढे कोणीही शिकलेला माणूस चुकला की तू हेच म्हणायचीस. मी प्रत्येक वेळी म्हणायचो, "सरकारी काम असंच असते, माय."

तू गेल्यानंतर बऱ्याच वर्षांनी मी त्याच हापिसात हेडक्लार्क झालो. खदानीचा प्रस्ताव मी मांडला. दोनदा परत आला, तिसऱ्यांदा मंजूर झाला. तोवर अध्यक्ष बदलले होते, मिल बंद पडली होती, आणि विरोध करायला कोणी उरलं नव्हतं. लाइनीत नळ आला, विहीर बुजवली. माझ्या निरोपसमारंभात एकानं भाषणात सांगितलं की तरुणपणी नोकरी पणाला लावून यांनी गावाचा अर्ज लिहिला होता. टाळ्या झाल्या. मी मान खाली घातली, ती नम्रता समजली गेली.

बायकोला मी एकदा सांगितलं होतं की तेव्हा एक वाक्य गाळलं. का, असं तिनं विचारलं तेव्हा म्हणालो, अध्यक्षांची मिल होती तिथे, नोकरी गेली असती, घाबरलो. तिनं ते मान्य केलं. मीही इतकी वर्षं तेच धरून बसलो, कारण भीती तू समजून घेतली होतीस, वाटेत थांबून तसं म्हणालीही होतीस. पण माझ्या अक्षरातला अर्ज तर मी पाठवलाच होता. भ्यायचं असतं तर अर्ज लिहायलाच भ्यायला हवं होतं. हे पत्र कुठे टाकायचं नाही, कोणी वाचणार नाही, म्हणून एवढं तरी नीट लिहितो. त्या सकाळी मी अजिबात घाबरलेलो नव्हतो, माय. पान संपत आलं होतं, खाली अंगठ्यांना जागा पाहिजे होती, आणि एक ओळ कमी करायची होती. मी वरून खाली नजर फिरवली, आणि मला तीच ओळ जास्तीची वाटली.